इंग्रजी कथनलेखनातील स्वामित्वदर्शक रूपे : मराठी भाषकांच्या दृष्टीने

माणदेश हा सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेला प्रदेश. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) याच भूमीवरील होय. राम देशमुख यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला, तो १९५८ मध्ये 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' या नावाने प्रसिद्ध झाला. या शीर्षकातील 'हॅड' हे क्रियापद लक्षणीय आहे, कारण मराठीत त्याला प्रतिशब्दच नाही. आपण 'मला भाऊ आहे', 'माझ्याकडे पैसे आहेत', 'गावाला भिंती नाहीत' असे म्हणतो. नात्यागणिक रचना बदलते. इंग्रजीत या सर्वांचे काम 'हॅव' करते. 'माझ्याजवळ'चे 'निअर मी' होते ते यामुळेच.

याहून गंभीर अडचण लिंगाची आहे. 'त्याची बहीण' या पदात 'त्या' हा अंश स्वामीचे लिंग दर्शवितो व 'ची' हा प्रत्यय बहिणीचे. इंग्रजी केवळ स्वामीकडे पाहते. 'तो आपली बहीण शोधू लागला' या वाक्यात तर 'आपली' हे रूप स्वामीचे लिंग पूर्णपणे झाकते. विद्यार्थ्यास दिसते ते स्त्रीलिंगच, आणि 'हिज'च्या जागी 'हर' येते. कथेत त्यामुळे बहीणच दुसऱ्याची होते! वडिलांविषयीच्या आदरार्थी 'त्यांची'चे 'देअर' होणे त्या मानाने निरुपद्रवी म्हणावे लागेल.

उलट बाजूही आहे. 'दत्ताने सदाला आपल्या बैलाजवळ उभे केले' व 'त्याच्या बैलाजवळ उभे केले' हा भेद मराठी सहज सांभाळते. इंग्रजीत दोहोंस 'हिज'च. अशा वेळी सर्वनाम सोडून 'सदाज' असे नामाचे रूप योजावे. मात्र लोपचिन्हाचे स्थान उच्चारात ऐकू येत नाही : 'द शेफर्ड्स शीप' ही धनगराची मेंढरे की धनगरांची, हे चिन्ह 'एस'पूर्वी आहे की नंतर, यावरच ठरते. आपण उत्तरपत्रिकेत हे चिन्ह राहिल्यास गुण कापतो, पण स्वामी बदलल्याकडे अनेकदा दुर्लक्ष करतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

'आमचे गाव' व 'आपले गाव' यांस इंग्रजीत एकच 'अवर' आहे. बाहेरून आलेल्या शिक्षकाशी बोलताना गावकरी यांपैकी कोणता शब्द वापरतात, यावर शिक्षक गावचा झाला की नाही ते ठरते. इंग्रजीत हा भाव सर्वनामाने येत नाही. तेथे 'युअर व्हिलेज टू' असे काही स्वतंत्रपणे म्हणावे लागते.