शेंगांची जत्रा, खर्चाला चाप

बंगळूरच्या बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी ‘कडलेकाई परिषे’, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. प्रवेश फुकट. तिथी पाहायला घरचं कालनिर्णयही चालतं.

मारतहळ्ळीच्या मराठी कुटुंबाची पहिली बचत बसमध्येच होते. ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत महिलांना साध्या सरकारी बसचं तिकीट शून्य रुपयांचं. अट एकच: ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला हवा. आधारवर अजून कोल्हापूर असेल, तर पैसे मोजा! एसी ‘वज्र’ला ही सवलत नाही.

शेंगा मापाने मिळतात; कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. रस्त्याच्या तोंडाशीच पिशवी भरू नये, चार ढिगांचा भाव विचारावा. पोरांचं लक्ष मात्र पाळण्यांकडे. खिसा रिकामा होतो तो तिथेच.