परीक्षानळीपलीकडचं कालनिर्णय

सकाळी ६.१०

चहाचं आधण ठेवते न ठेवते तोच व्हॉट्सॲपवर फोटो येतो. काचेची परीक्षानळी, मागे भिंतीवरचं कालनिर्णय. नळीतलं पाणी ताकासारखं पांढुरकं झालंय, त्यात कण्या धरल्यात, आणि मागची तारीख काही केल्या दिसत नाही. खाली माझ्या डहाणूच्या एका छोट्या पेशंटच्या आईचा मजकूर : ‘मॅडम, आज तिसरा दिवस. तीन अधिक.’

ही परीक्षा तिला मी दोन वर्षांपूर्वी शिकवली. मुलाची सकाळची पहिली लघवी नळीत घ्यायची, सल्फोसॅलिसिलिक ॲसिडचे थेंब टाकायचे, हलवायचं आणि नळी छापील अक्षरांसमोर धरायची. पाणी नितळ राहिलं तर प्रथिनं नाहीत. धूसर झालं, पण अक्षरं वाचता येतात, तर एक अधिक. अक्षरं लागत नाहीत, ठळक काळ्या रेघा तेवढ्या कळतात, तर दोन. कण्या धरल्या तर तीन, दह्यासारखा गोळा झाला तर चार. ती हे अधिक पेनाने कालनिर्णयच्या चौकोनात तिथीखाली काढते. ओळीने तीन दिवस तीन किंवा चार अधिक आले की आजार उलटला असं समजायचं, आणि ओळीने तीन दिवस निरंक आले की आटोक्यात आला.

आजाराचं नाव नेफ्रॉटिक सिंड्रोम. आपल्या एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. या आजारात त्यांची जाळी सैल पडते, रक्तातलं अल्ब्युमिन लघवीवाटे वाहून जातं आणि अंगात पाणी साठतं. मुलांमधला गाळण्यांचा सगळ्यात जास्त आढळणारा आजार हाच, आणि आपल्या दक्षिण आशियातल्या मुलांना तो युरोपातल्या मुलांपेक्षा अधिक होतो.

मी उलट विचारते, ‘ताप? पोटदुखी? उलटी?’ या मुलांच्या पोटातल्या पाण्यात जंतू वाढले तर जिवावर बेतू शकतं, म्हणून हे तीन प्रश्न आधी. उत्तर येतं, ‘काही नाही. मागच्या आठवड्यात सर्दी होती फक्त.’ आज ओपीडी आहेच. तिला लिहिते, निघा.

८.१५

वॉर्डात रात्री नवा मुलगा दाखल झालाय. चार वर्षांचा, अंबरनाथचा. डोळे इतके सुजलेत की पापण्यांची फट तेवढी उरलीय. पाय दाबला की बोटाचा खड्डा तसाच राहतो. तीन आठवड्यांपासून सकाळी उठल्यावर डोळे सुजायचे आणि दुपारपर्यंत उतरायचे. घरच्यांनी दोन दवाखाने केले. एकीकडे डोळ्यांत घालायचे थेंब मिळाले, दुसरीकडे ॲलर्जीचं औषध. आजीने दृष्टही काढली. लघवी तपासायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. हे ऐकलं की मला आजही राग येतो. पाच मिनिटांची, जवळजवळ फुकटातली तपासणी. सकाळी डोळे सुजणाऱ्या प्रत्येक मुलाची ती व्हायला हवी.

काट्यावर वजन १८ किलो भरतं. पण गोळ्यांचा हिशेब सुजेच्या वजनावर करून चालत नाही. आईने पिशवीतून अंगणवाडीचं कार्ड काढलं, मागच्या महिन्यातली नोंद १५ किलो. म्हणजे तीन किलो नुसतं पाणी. किलोला दोन मिलिग्रॅम या हिशेबाने प्रेडनिसोलोन ३० मिलिग्रॅम, दहाच्या तीन गोळ्या. सहा आठवडे रोज, मग मात्रा कमी करून सहा आठवडे एकाआड एक दिवस.

आजोबा कॉटच्या पायथ्याशी उभे आहेत. हात जोडून विचारतात, “बाई, किडनी फेल झाली का पोराची?”

“नाही आजोबा. गाळणी गळतेय, बंद पडलेली नाही. अशा दहातल्या आठ-नऊ पोरांना या गोळ्या लागू पडतात. पण आजार बहुतेकांना पुन्हा उलटतो, तेव्हा घाबरून जायचं नाही. आणि मला विचारल्याशिवाय गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत.”

हे शेवटचं वाक्य मी दिवसातून वीसदा बोलत असेन. या गोळ्या स्टिरॉइडच्या. बरेच दिवस त्या घेणाऱ्या मुलाचं शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं थांबवतं. शेजारीण म्हणाली, गोळ्या वाईट असतात, म्हणून कुणी त्या झटक्यात बंद केल्या, की मूल साध्या तापातही कोसळतं.

९.३० ते १.३०

ओपीडी. बाकावर गाल फुगलेली पोरं ओळीने बसलीत. हे गाल आजाराचे नव्हेत, औषधाचे. भूक वाढते, चिडचिड वाढते, उंची अडते, रक्तदाब चढतो, काहींना मोतीबिंदूही होतो.

अकरा वर्षांची एक मुलगी सहा वर्षांपासून येते. गोळी कमी केली की आजार उलटतो, वाढवली की थांबतो. आज आई म्हणाली, “गादीखाली गोळ्या सापडल्या, मॅडम. सत्तावीस.” मुलीने मान वर केली नाही. मी आईला बाहेर बसायला सांगितलं. बऱ्याच वेळाने मुलगी म्हणाली, “वर्गात मला फुगा म्हणतात.” तिच्या उंचीचा आलेख समोरच होता. दोन वर्षांत रेघ जवळजवळ आडवी.

तिला रागवायचं कशासाठी? चूक गोळ्या लपवण्यात असेल, पण दुसरा रस्ता आम्ही आधीच धरायला हवा होता. आता तिच्यासाठी रिटुक्सिमॅब ठरवतोय. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना निकामी करणारं हे औषध शिरेतून देतात. जपानमध्ये वारंवार आजार उलटणाऱ्या ४८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ज्यांना खोटं औषध दिलं त्यांना आजाराशिवायचे सरासरी शंभरेक दिवस मिळाले, ज्यांना खरं दिलं त्यांना २६७. हे औषध आता भारतातही बनतं. त्यानंतर जंतुसंसर्गाचा धोका असतो, आणि बी पेशी परतल्या की आजारही परतू शकतो. हे सगळं मी मुलीला सांगितलं, तिच्या आईच्या आधी. तिने एवढंच विचारलं, “मग गाल उतरतील?” उतरतील, हळूहळू.

साडेअकराला डहाणूची आई पोचली. गोळ्या सुरू करण्याआधी तिने मनातला सल काढला : “सर्दी झाली तेव्हाच गोळी वाढवली असती, तर हे टळलं असतं ना?”

सर्दी-पडशाने आजार उलटतो हे खरंच आहे. म्हणून सर्दी झाली की थोडे दिवस रोज गोळी द्यायची पद्धत आमच्याकडेही होती. ब्रिटनमध्ये ३६५ मुलं घेऊन हीच गोष्ट नीट तपासली. सर्दी झाल्यावर निम्म्यांना सहा दिवस थोडी गोळी, निम्म्यांना खोटी. आजार उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. “म्हणजे तुमचं काही चुकलं नाही,” असं म्हटलं तशी तिने पदराने डोळे पुसले आणि कालनिर्णयचं फाडून आणलेलं पान माझ्यापुढे ठेवलं. मुलाच्या वजनाच्या नोंदीसुद्धा त्यावर आहेत.

१.४५

डबा उभ्यानेच. शेजारच्या खोलीत तीन मुलांचं डायलिसिस चाललंय. त्यातल्या एकाच्या मूत्रमार्गात जन्मतःच पडदा होता. मूत्रपिंडं खराब झाल्यावर तो कळला. मुलांची मूत्रपिंडं निकामी होण्यामागे असे जन्मजात दोष फार मोठ्या प्रमाणावर असतात. आज त्याला गणिताचा गृहपाठ करायचाय, मशीनचा आवाज मोठा आहे म्हणून तो पाढे ओरडून म्हणतो.

३.००

आठवड्याची वाचनसभा. आमच्या निवासी डॉक्टरने २०२४ चा ‘न्यू इंग्लंड जर्नल’मधला निबंध घेतलाय. गाळणीच्या जाळीचा एक धागा म्हणजे नेफ्रिन हे प्रथिन. ते १९९८ मध्ये सापडलं, फिनलंडमध्ये जन्मतःच होणाऱ्या अशाच आजाराचा शोध घेताना. आता या निबंधात १८२ मुलांचं रक्त तपासलंय. ज्यांचा आजार भरात होता आणि ज्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू नव्हती, अशा मुलांपैकी ९० टक्क्यांच्या रक्तात नेफ्रिनवरच हल्ला करणारी प्रतिपिंडं निघाली. आजार शांत झाल्यावर ती उतरत होती.

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. गाळणी का गळते, या प्रश्नाला इतकी वर्षं आम्ही ‘बहुधा प्रतिकारशक्तीतला बिघाड’ असं मोघम उत्तर देत आलो. रिटुक्सिमॅब का लागू पडतं, याचाही धागा इथे लागतो. उद्या एका रक्त तपासणीवरून कुणाला काय द्यायचं हे ठरवता आलं, तर त्या अकरा वर्षांच्या मुलीसारखी सहा वर्षं कुणाची जाणार नाहीत.

तरी मला त्याहून जवळचा वाटतो तो आपल्याकडचा, भारतातल्या पाच केंद्रांमध्ये १८१ मुलांवर झालेला, २०१५ चा अभ्यास. पहिल्या खेपेला तीन महिने गोळ्या दिल्या काय आणि सहा महिने दिल्या काय, पुढे आजार उलटण्यात फरक पडत नाही, हे त्यात दिसलं. नवं औषध हाती आलं नाही, पण मुलांचे तीन महिने वाचले. सकाळी त्या अंबरनाथच्या मुलाला मी बारा आठवड्यांच्या गोळ्या ठरवल्या, त्या याच आधारावर. कमी गोळीत भागतं का, हा प्रश्न घेऊन वर्षानुवर्षं खपणाऱ्या लोकांबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

५.२०

पुन्हा वॉर्ड. शिकवणी पहिल्याच दिवशी सुरू करते. घरी नळी कोण धरणार, असं विचारल्यावर आजोबाच पुढे झाले. आईची कारखान्यात पाळी असते. सून पहाटे निघते, म्हणाले, मी घरीच असतो.

त्यांनी चष्मा लावला. नळीत लघवी घेतली, ड्रॉपरने थेंब टाकताना हात कापला, एक जास्तीचा पडला. चालतं, म्हटलं. बघता बघता नळीत पांढरं साकळलं, दह्यासारखं. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, पेपरातल्या जाहिरातीसमोर धरली, डोळे बारीक केले, नळी पुढे-मागे केली.

“काय दिसतंय, आजोबा?”

“काहीच नाही हो.”

“मग किती?”

त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, आजची तारीख घातली आणि अगदी सावकाश, एकेक रेघ दाबून, चार अधिक काढले. मग नळी धुऊन माझ्या हातात द्यायला आले.

“तुमचीच आहे ती.”

“फुटली तर?”

मी कपाटातून दुसरी काढली आणि दोन्ही पेपरात गुंडाळून दिल्या.