वाय-फाय: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘रेंज तर फुल आहे, मग नेट का अडतंय?’ मोबाइलवरच्या रेघा फक्त सिग्नलचा जोर सांगतात. वेग मात्र सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे आणि बोलायची पाळी किती वेळा मिळते, यावर ठरतो. एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं, हा वाय-फायचा साधारण नियम. शेजारचा राउटर त्याच चॅनेलवर असेल, तर तुमचा फोनही त्याच्यासाठी थांबतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल आहेत तीनच: १, ६ आणि ११. दाटीवाटीच्या इमारतीत ते कसे पुरणार?

दुसरा गैरसमज जास्त पक्का आहे: भिंतींवर आपटून आलेल्या लहरी सिग्नल बिघडवतात. पूर्वी ते खरंच होतं. एकाच संदेशाच्या प्रती मागेपुढे पोहोचल्या की त्यांची सरमिसळ होई. १९९९च्या ८०२.११ए या वाय-फाय मानकानं ओएफडीएम तंत्र आणलं. त्यात माहिती एका वेगवान प्रवाहातून न पाठवता ४८ संथ उपवाहकांवर, म्हणजे शेजारशेजारच्या फ्रिक्वेन्सींवर, वाटली जाते. माहितीच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे चिन्हाला, ४ मायक्रोसेकंद मिळतात आणि त्यातले ०.८ उशिरा येणाऱ्या प्रतिध्वनींसाठी राखीव असतात. तेवढ्यात रेडिओलहर २४० मीटर जाते! घरातले प्रतिध्वनी त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेले असतात. या हिशेबाचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढच्या टप्प्यावर तर प्रतिध्वनी कामाला लागले. थॉमस कैलाथ पुण्यात जन्मले, इंजिनिअरही तिथेच झाले. स्टॅनफर्डमध्ये त्यांना आणि आरोग्यस्वामी पॉलराज यांना १९९४ साली एक पेटंट मिळालं. एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी, अनेक अँटेनांतून वेगवेगळे प्रवाह पाठवायचे, ही त्यातली कल्पना. तिलाच आज मायमो म्हणतात. प्रत्येक अँटेनाकडे या प्रवाहांचं वेगळं मिश्रण पोहोचतं आणि रिसीव्हर शाळेतल्या एकसामयिक समीकरणांसारखी उकल करून ते सुटे करतो. मोकळ्या माळावर दूरच्या अँटेनांकडे जाणारे मार्ग जवळपास सारखेच असतात. मग समीकरणंही सारखी होतात आणि उत्तर निघत नाही. घरात भिंती आणि फर्निचर ते मार्ग वेगळे करतात. २००९च्या ८०२.११एन मानकापासून हे तंत्र वाय-फायमध्ये आलं. जादा अँटेना फक्त लांब पल्ल्यासाठी असतात, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

रिपीटरनं वेग वाढतो, असंही अनेकांना वाटतं. एकाच चॅनेलवर ऐकून तेच पुन्हा बोलणारा रिपीटर तो जवळपास निम्मा करतो. जमेल तिथे दुसऱ्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे दुसरा राउटर लावावा.