अकलूजच्या माळावर इटालियन पद्धतीची व्हाईट वाईन. पण करार असल्याशिवाय वाईनची द्राक्षं लावू नका

कोल्हापूर : उसाला पर्याय म्हणून द्राक्षाचा विषय निघाला की शिरोळ, हातकणंगले भागात कोणीतरी म्हणतंच, "वाईनची द्राक्षं लावू, फॅक्टरीवाले उचलतील." म्हणायला सोपं आहे, पण त्याआधी हा धंदा कसा चालतो ते नीट समजून घेतलेलं बरं.

सोलापूर जिल्ह्यातलं उदाहरण

सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ 'फ्रातेल्ली' ही वाईनरी आहे. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांनी मिळून ती उभी केली. इटलीतल्या टस्कनीचे वाईनतज्ज्ञ पिएरो मासी यांनी तिथली वाईन घडवली. मोटेवाडी, गारवाड, निमगाव इथं त्यांच्या बागा आहेत. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांनी सुरुवातीपासून भर दिला तो स्वतःच्या बागेवर. इटलीतल्या घरगुती वाईनऱ्यांची रीतही हीच. बाग आपली, दारू गाळायची टाकी आपली आणि बाटलीवर नावही आपलंच.

व्हाईट वाईन बनते कशी?

द्राक्षं पहाटेच्या गारव्यात तोडतात. लगेच दाबून रस काढतात आणि साल, बिया बाजूला करतात. रेड वाईनमध्ये रस सालीसकट आंबवतात, म्हणून तिला लाल रंग येतो. व्हाईटचा रस स्टीलच्या टाकीत, साधारण १२ ते १८ अंश तापमानात, दोन-तीन आठवडे सावकाश आंबतो. टाकी तापली की वास उडाला. ताजी व्हाईट वाईन लाकडी पिंपात वर्षानुवर्षं ठेवत नाहीत. काही महिन्यांत बाटलीत भरतात आणि वर्ष-दोन वर्षांत संपवतात. इटलीच्या पिएमॉन्ते भागात याच जातीची एक प्रसिद्ध वाईन आहे. योगायोगानं तिचं नावही 'गावी'!

खायचं द्राक्ष वेगळं

थॉमसन, सोनाकामध्ये मणी मोठा, साल पातळ आणि बी नसलेलं पाहिजे असतं. वाईनच्या शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्यों ब्लाँ या जातींचा मणी बारीक, रसाळ आणि बियांचा. मणी फुगवायला जीए लागत नाही, उलट माल मर्यादित ठेवावा लागतो, कारण वेलीवर घड जास्त झाले की रस पाणचट होतो. म्हणजे एकरी टन कमी. आणि वाईनरीनं माल नाकारला तर तो बाजारात खायला विकला जात नाही, बेदाण्यालाही चालत नाही. खरी मेख इथंच आहे.

आधी काय झालं?

राज्यानं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथं वाईन पार्क झाले. लागवड वाढली. मग २००८ नंतर मंदी आली, वाईनऱ्यांकडं माल तुंबला आणि अनेक शेतकऱ्यांना वाईनच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. मांडव, वेली आणि दोन-तीन वर्षांची मेहनत अंगावर आली. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाईन विकायला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, पण त्यावरूनही मोठा वाद झाला. सरकारच्या घोषणेवर बाग लावणं धोक्याचं आहे.

लावायचंच असेल तर

- रोप आणण्याआधी वाईनरीशी लेखी करार करा. करार किती वर्षांचा, दर काय, पैसे किती दिवसांत, हे त्यात असावं.
- गोडी किती ब्रिक्स पाहिजे आणि ती कोण मोजणार, तेही लिहून घ्या. माल नाकारला तर नुकसान कुणाचं, हे आधीच विचारा.
- वाईनरी किती लांब आहे बघा. तोडलेला माल तापला तर व्हाईट वाईनसाठी बाद.
- पुराचं पाणी येणारी, निचरा न होणारी काळी जमीन द्राक्षाला नको. पन्हाळा, राधानगरीकडचा पाऊसही वेलीला सोसत नाही.
- वाईन ही दारूच आहे. विनापरवाना बनवणं किंवा विकणं गुन्हा आहे. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो.

इटलीत वाईनचा मोठा वाटा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांकडून येतो. सभासद द्राक्षं घालतात, वाईन संस्था बनवते आणि विकते. आपल्याकडं ऊस आणि दूध याच वाटेनं गेलं, म्हणून माल घालायला दार मिळालं. वाईनच्या द्राक्षाला कोल्हापुरात तसं दार उघडेपर्यंत कराराचा कागद हातात असल्याशिवाय खड्डा काढू नये.