वीजबिलातला कोळसा

कोल्हापूरच्या भूमीत दगडी कोळसा नाही, कारण हा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तयार झालेल्या बेसाल्ट खडकाचा आहे. राज्याचा कोळसा निघतो तो विदर्भातील, त्याहून कितीतरी जुन्या गोंडवाना खडकांतून, आणि चंद्रपूरचे २,९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक केंद्र मुख्यतः त्याच्यावर चालते. दहावीच्या विज्ञानात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हे प्रकरण शिकवणाऱ्या येथील शिक्षकाला खाण दाखवता येत नाही, त्यामुळे बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र यांची आकृती फळ्यावर काढून तो पुढे सरकतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण अपेक्षिले आहे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेपासून केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेपर्यंतच्या या व्यवस्थेला ही उणीव भरून काढता येईल, आणि त्यासाठीचे साधन साखर कारखान्यांच्या रूपाने जिल्ह्यातच उभे आहे.

सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्यात उसाचा रस काढल्यावर उरलेले चिपाड बॉयलरमध्ये जाळतात, त्या उष्णतेने झालेली उच्च दाबाची वाफ टर्बाइनची पाती फिरवते, टर्बाइनला जोडलेले जनित्र वीज देते आणि दाब उतरलेली वाफ रस आटवण्यासाठी वापरली जाते. चंद्रपूरचे यंत्रही याच तत्त्वावर चालते. मात्र उसाने आपला कार्बन गेल्या वर्ष-दीड वर्षात हवेतून घेतलेला असतो, तर कोळशातला कार्बन पंचवीस कोटींहून अधिक वर्षे जमिनीत गाडलेला असतो आणि जळताच हवेत नव्याने भर घालतो.

कारखाना पाहून झाल्यावर प्रशिक्षणाची पुढची पायरी गणिताची. किलोमागे ४,००० किलोकॅलरी उष्णता देणारा कोळसा घेतला आणि त्यातील ३५ टक्के उष्णतेची वीज झाली असे धरले, तर एका युनिटला (८६० किलोकॅलरी) सुमारे ६०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे महिन्याला १०० युनिटांचे बिल येणाऱ्या घराची सगळी वीज कोळशाची मानली, तर त्यामागे ६० किलो कोळसा जळतो, आणि कोळशात ३५ टक्के राख असेल तर २१ किलो राख मागे राहते. विद्यार्थ्यांनी घरची बिले आणून हा हिशेब केला, तर आकृतीतल्या चिमणीचा आपल्या घरातील दिव्याशी असलेला संबंध त्यांना आकड्यांत दिसतो.

तेव्हा ‘मग कोळसा बंद का करत नाहीत?’ असा प्रश्न वर्गातून येणारच. चिपाड मुख्यतः गळीत हंगामातच मिळते, सूर्य रात्री नसतो आणि विजेची मागणी मात्र चोवीस तास असते; शिवाय विदर्भातील अनेक कुटुंबांचा रोजगार खाणींवर अवलंबून आहे, तर अनेकांचे आरोग्य खाणींच्या धुळीमुळे पणाला लागलेले आहे. या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर न देता त्याच्या सर्व बाजू मुलांकडून तपासून घेण्याची तयारी शिक्षकात निर्माण करणे, हे अशा प्रशिक्षणाचे खरे काम ठरते.