साखरेतून पाणी निघतं!

दोस्ता, बरणीतली साखर चिमटीत धर पाहू. कशी कोरडी खडखडीत! आता सांग, हिच्यातून पाणी निघेल का?

निघेल की!

फळांत आणि मधात फ्रुक्टोज नावाची आणखी एक साखर असते. तिचंच उदाहरण घेऊ. तिचा सगळ्यात चिमुकला कण म्हणजे रेणू, डोळ्यांना न दिसणारा. त्यात 6 कार्बन, 12 हायड्रोजन आणि 6 ऑक्सिजन, असे 24 अणू एकमेकांना धरून बसलेले असतात. आम्लाच्या सोबतीनं तापवलं, की त्यातले 2 हायड्रोजन आणि 1 ऑक्सिजन मिळून निसटतात. ओळखलंस? तेच तर पाणी! आणि असं एकदा नाही, तीनदा! 180 ग्रॅम फ्रुक्टोजमध्ये तब्बल 54 ग्रॅम पाण्याचं सामान दडलेलं असतं.

उरतं ते हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल. एका दमात म्हणून बघ! आपण एचएमएफच म्हणू. पावाच्या खरपूस कडेतही ते थोडंसं असतं बरं का!

रसायनशास्त्रात याला ‘प्लॅटफॉर्म रसायन’ म्हणतात. मनमाडच्या फलाटावरून गाड्या चहूकडे सुटतात ना? तशा एचएमएफपासून इंधनाकडे, औषधांकडे, प्लॅस्टिककडे वाटा फुटतात. नेदरलँड्समधल्या डेल्फझाइलला 2024 मध्ये एक कारखाना उघडला. तो बाटल्यांच्या प्लॅस्टिकचा कच्चा माल बनवण्यासाठी, आणि तोही खनिज तेलापासून नाही, वनस्पतींच्या साखरेपासून!

पण एचएमएफ फार नाजूक. लाडवांचा पाक आठव. तार आली की आजी म्हणते, “उतरव लवकर!” क्षणभर उशीर झाला की पाक पुढे गेलाच! एचएमएफही जास्त वेळ तापलं की तुटतं, नाहीतर त्याची काळी चिकट राळ होते. मोठ्या भांड्यात तर आधी तयार झालेलं एचएमएफ बाकीची साखर होईस्तोवर तापतच राहतं.

मग युक्ती काय? भांडंच नको! घ्यायची एक बारीक नळी. तिच्यात खसखशीएवढे आम्लधारी मणी ठासायचे आणि एका टोकातून साखरेचं गरम पाणी सोडायचं. न थांबता! शाळेत आपण रांगेनं एकेक पुढे सरकतो ना, अगदी तसं. प्रत्येक थेंबाला सारखाच वेळ मिळतो, आणि वेळ संपला की तो बाहेर! उकळून वाफ होऊ नये म्हणून आत दाब ठेवतात, आपल्या कुकरसारखा.

हे मणी म्हणजे उत्प्रेरक. काम घडवून आणतात, पण स्वतः खर्ची पडत नाहीत. पोळी भाजून ताटात जाते आणि तवा चुलीवरच राहतो, तसं! थेंब पुढे गेला, की मणी पुढच्या थेंबासाठी तयार!