क्यूच्या मागे यू हवाच का?

इंग्रजी स्पेलिंगचे नियम मोडण्यासाठीच असतात, हे शाळकरी पोरांना फार लवकर कळून चुकते. तरी एका नियमावर सगळ्यांचा भरवसा असतो: क्यू आला की पाठोपाठ यू आलाच. क्वीन, क्विक, क्वेश्चन, इक्वल, जोडी कुठे फुटत नाही. नकाशावर इराक आणि कतार दिसले की नियमाला पहिला तडा जातो. मग ‘ती विशेषनामं, त्यांचं सोडा’ असे सांगून वेळ मारून नेली जाते.

पण विशेषनामांवर भागत नाही. फकीर, कव्वाली, तलाक, बुरखा, नकाब हे शब्द मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत आहेत, आणि त्यांच्या तिथल्या स्पेलिंगांत क्यूच्या मागे यू नाही. येमेन आणि इथिओपियातली माणसे ज्याचा कोवळा पाला तरतरीसाठी चघळतात तो ‘कात’ही असाच, क्यू-ए-टी. (आपला विड्यातला कात वेगळा.) काझी आहे, अल्बानियाचे ‘किंतार’ हे जुने चिल्लर नाणे आहे, आणि उत्तर ध्रुवाकडच्या कस्तुरी बैलाच्या अंगावरची आतली मऊ लोकर आहे, जिला इन्युइट लोकांच्या भाषेतून आलेले ‘किविउत’ हे नाव आहे.

स्क्रॅबल खेळणाऱ्यांनी गुणांसाठी उकरून काढलेले शब्द म्हणून अनेकजण यांची थट्टा करतात. ती थट्टा ‘कनात’पाशी थांबावी. हा तंबूचा पडदा नव्हे. डोंगराच्या पोटातले पाणी किंचित उताराच्या भुयारातून, पंपाशिवाय, मैलोगणती दूरच्या वस्तीपर्यंत आणायची ही इराणी युक्ती. भुयार खणताना माती वर काढायला आणि आत हवा खेळायला ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी पाडतात. त्यामुळे वाळवंटावरून उडणाऱ्या विमानातून खड्ड्यांची लांबलचक रांग दिसते. पाणी जमिनीखालून वाहते म्हणून उन्हाने आटत नाही. इराणमधल्या अशा 11 कनातींना युनेस्कोने 2016 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. सतराव्या शतकात मलिक अंबरने खडकीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, बांधलेली नहर-ए-अंबरी याच तत्त्वावर चालत असे. एवढे मोठे काम करणाऱ्या वस्तूला इंग्रजीत नाव लागणारच, आणि ते क्यू-ए-एन-ए-टी असे लिहितात.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे: क्यू-यू ही जोडी म्हणजे इंग्रजीचा मूळ स्वभाव. वस्तुस्थिती उलटी आहे. जुन्या इंग्रजीत क्यू जवळपास वापरातच नव्हता. राणीला तेव्हा सी-डब्ल्यू लावून ‘क्वेन’ लिहीत, क्विकही सी-डब्ल्यूनेच सुरू होई. 1066 मध्ये नॉर्मन इंग्लंडचे धनी झाले, त्यांच्या लेखनिकांनी फ्रेंच वळण आणले आणि राणीला क्यू-यू चिकटला. फ्रेंचांना ते लॅटिनकडून मिळाले होते आणि लॅटिनला एट्रुस्कन लोकांकडून. एट्रुस्कन लिपीत एकाच ‘क’साठी तीन अक्षरे होती, पुढे कोणता स्वर आहे ते पाहून त्यांतले एक निवडत, आणि उ-पूर्वीचे अक्षर होते क्यू. यू मागे लागला तो तिथून.

त्याही मागे गेले की फिनिशियन लिपीतले ‘कोफ’ भेटते, क्यूचे मूळ. हिब्रूतले एकोणिसावे अक्षर आजही त्याच नावाचे आहे, आणि ते नावही इंग्रजी शब्दकोशात यूविना दाखल आहे. अरबीतला ‘काफ’ त्याच कुळातला: घशातून, पडजिभेपाशी काढलेला ‘क’. कर्ज, कलम, कबूल, कैद, किंमत, किल्ला या आपल्या रोजच्या शब्दांच्या तोंडी मुळात हाच काफ होता. मराठीच्या जिभेने त्याचा सरळ साधा क केला. इंग्रजांनीही आधी के लिहून पाहिला, आणि फकीर आजही तिथे दोन्ही तऱ्हांनी लिहितात. थोडक्यात, हे शब्द अपवाद वाटतात खरे, पण त्यांच्यातला क्यू स्वतःचे जुनेच काम करतो आहे. उपरा कुणी असेल तर यू.

मग कुराण आणि कुतुब यांच्या स्पेलिंगांत यू आहेच की! आहे, पण तो क्वीनमधला यू नव्हे. इथे तो खराखुरा उकार आहे, त्याचा उच्चार होतो. गंमत उलट बाजूला आहे. जीनांच्या ‘कायदे आझम’ या पदवीतल्या अरबी ‘काइद’मध्ये उकाराचा मागमूस नाही, तरी इंग्रजीत सर्रास क्यू-यू लिहिले गेले. सवय हाताची. क्वांटस या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीची तऱ्हा आणखी न्यारी. 1920 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे नाव आद्याक्षरे जोडून बनवलेले, त्यात यू नाही. तरी जीभ ‘क्वां’ म्हणून तो घुसडतेच.

क्यूचा उच्चार ‘क’च, हेही खरे नाही. चिनी भाषेसाठी 1958 मध्ये मंजूर झालेल्या पिनयिन या रोमन लेखनपद्धतीत क्यू ‘छ’च्या जवळच्या आवाजासाठी ठेवला. म्हणून प्राणशक्ती या अर्थाचा क्यू-आय हा शब्द इंग्रजीत ‘ची’ असा वाचतात. आणि सगळेच यूविना शब्द परदेशी? तेही नाही. ‘ट्रँक’ हे ट्रँक्विलायझरचे शेपूट तोडून झालेले रूप, तर क्वर्टी म्हणजे 1870च्या दशकातल्या टंकयंत्राच्या वरच्या ओळीची पहिली सहा अक्षरे.

स्क्रॅबलच्या 100 सोंगट्यांत क्यू एकच, किंमत 10 गुण. यू चार आणि आय नऊ. तेव्हा यूची वाट पाहत क्यू हातात धरून बसू नये. अमेरिकी स्पर्धांच्या यादीत 2006 पासून क्यू-आयला मुभा आहे. क्यू तिप्पट अक्षराच्या घरात ठेवून हाच शब्द आडवा आणि उभा असा एकदम लावता आला, तर एका चालीत 62 गुण पदरात पडतात.